मंगळावरचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट का होत होता? मार्स पाथफाइंडर, १९९७

४ जुलै १९९७ रोजी नासाचं मार्स पाथफाइंडर यान फुगवलेल्या एअरबॅगच्या आवरणात मंगळाच्या एरीझ व्हॅलिस भागात आदळलं, अनेकदा उसळलं आणि सुखरूप थांबलं. मंगळावर अशा पद्धतीने उतरण्याची ही पहिलीच वेळ. पाठोपाठ सोजर्नर ही सुमारे साडेदहा किलोची सहाचाकी गाडी खाली उतरली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत तांबड्या दगडांचे फोटो झळकले. पण मोहिमेच्या पहिल्या काही दिवसांतच एक गंभीर गोष्ट घडू लागली. यानावरचा मुख्य संगणक मधूनच स्वतःला रीसेट करायचा. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर सगळं नव्याने सुरू व्हायचं आणि त्या दिवसासाठी पृथ्वीवरून पाठवलेल्या कामांची यादी अर्धवट राहायची. गोळा झालेली माहिती मेमरीत शाबूत असायची, पण उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. उतरलेल्या यानाचं, म्हणजे लँडरचं, ठरवलेलं आयुष्य जेमतेम ३० दिवसांचं होतं, त्यामुळे वाया जाणारा प्रत्येक दिवस महाग होता.

बातम्यांमध्ये कारण असं आलं की संगणक एका वेळी फार कामं करायला जात होता. ऐकायला पटण्यासारखं आहे, पण यातून प्रश्नाचं खरं रूप कळत नाही. एका वेळी अनेक कामं करणं हेच तर त्या संगणकाचं काम होतं, आणि एकंदर पाहता प्रोसेसर त्याला पुरा पडत होता. बिघाड होता तो कामांचा क्रम ठरवण्यात. त्यातही शेड्यूलरने, म्हणजे प्रोसेसर कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाने, आपला नियम एकदाही मोडला नव्हता. नियम तंतोतंत पाळूनच तो चुकीच्या टास्कला, म्हणजे चुकीच्या कामाला, प्रोसेसर देत होता. ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून वाचावं असं मला कळकळीने वाटतं, ते यासाठीच.

यानावरची रचना

लँडरचा मेंदू म्हणजे किरणोत्सर्ग सोसेल असा बनवलेला आयबीएमचा आरएडी ६००० प्रोसेसर. वेग २० मेगाहर्ट्झ, सोबत १२८ एमबी मेमरी. त्यावर विंड रिव्हर कंपनीची व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती. उड्डाणाचं सॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, ग्लेन रीव्ह्ज यांच्या नेतृत्वाखाली लिहिलं गेलं. पुढे या घटनेची सर्वांत भरवशाची हकीकतही रीव्ह्ज यांनीच लिहून काढली.

व्हीएक्सवर्क्सचं शेड्यूलिंग प्रीएम्प्टिव्ह, प्राधान्यावर आधारलेलं. प्रत्येक टास्कला प्राधान्याचा एक क्रमांक असतो. चालायला तयार असलेल्या टास्कपैकी ज्याचं प्राधान्य सर्वांत वरचं, त्याला प्रोसेसर मिळतो. त्याहून वरचा एखादा टास्क जागा झाला की चालू टास्क जिथे असेल तिथे थांबतो. राउंड रॉबिनसारखी, म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीने थोडा वेळ देणारी, वाटणी इथे अभिप्रेत नसते. आपल्या डेस्कटॉपवर ब्राउझर आणि संगीत दोघांना थोडा थोडा वेळ मिळावा, यात न्याय आहे. यानावर मात्र ठरलेल्या क्षणाच्या आत ठरलेलं काम पुरं होणं महत्त्वाचं, मग खालच्या कामांना कितीही थांबावं लागो.

रेडिओ आणि कॅमेऱ्याचे इंटरफेस प्रोसेसरबरोबर एकाच बसवर, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गावर, होते. बाकीची उपकरणं १५५३ नावाच्या दुसऱ्या डेटा बसवर होती. ही रचना शनीसाठी बनवलेल्या कॅसिनी यानाकडून आलेली, आणि तिच्यासोबत तिची शिस्तही आली. बसवरचं सगळं दळणवळण सेकंदाला ८ वेळा, म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर, आखलेलं असायचं. ही शिस्त दोन टास्क सांभाळत. पहिला टास्क पुढच्या फेरीत, म्हणजे पुढच्या १२५ मिलिसेकंदांत, बसवर काय काय घडायचं ते मांडून ठेवायचा. याला आपण आखणी टास्क म्हणू. दुसरा टास्क फेरीतून आलेली माहिती ज्याची त्याला पोचवायचा. तो वाटप टास्क. व्हीएक्सवर्क्सचा स्वतःचा एक अंतर्गत टास्क सोडला तर आखणी टास्कचं प्राधान्य सर्वांत वर. त्याखाली यान उतरवण्याचं नियंत्रण करणारा टास्क, आणि त्याच्या खालोखाल वाटप टास्क. यानाची इतर कामं करणारे टास्क या सगळ्यांच्या खाली. फोटो घेणं, ते आक्रसणं आणि हवामानाची नोंद ही विज्ञानाची कामं त्याहूनही खाली.

यात एक राखणदारीची व्यवस्था होती. आखणी टास्क जागा झाला की पाहायचा: वाटप टास्कने या फेरीचं काम संपवलं आहे ना? संपवलं नसेल तर काहीतरी गंभीर बिघडलं आहे असं धरून रीसेट. बसची सूत्रं हातात असलेला टास्कच वेळेत पुरा होत नसेल, तर त्या यानाच्या पुढच्या वागण्याचा भरवसा धरता येत नाही. मंगळावर जाऊन बटण दाबणारं कोणी नव्हतं. त्यामुळे हा निर्णय योग्यच होता, आणि प्रत्यक्षात जे रीसेट झाले ते या राखणदाराने आपलं काम चोख केल्यामुळे झाले.

नेमकं काय घडलं

वाटप टास्क बहुतेकांना माहिती सामायिक मेमरीत, दुहेरी बफर (माहिती तात्पुरती ठेवण्याच्या दोन जागा) ठेवून द्यायचा. वाचणारा एका बफरमधून वाचतोय तोवर लिहिणारा दुसऱ्यात लिहितो, कोणी कोणासाठी थांबत नाही. अपवाद होता हवामान टास्कचा, म्हणजे दाब, तापमान आणि वारा मोजणाऱ्या उपकरणाचा. त्याला माहिती व्हीएक्सवर्क्सच्या पाइपमधून, म्हणजे एका टास्ककडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या वाटेने, जायची, आणि पाइपमध्ये काही आलं का हे पाहण्यासाठी हवामान टास्क सिलेक्ट नावाचं फंक्शन वापरायचा.

सिलेक्टच्या पोटात एक म्युटेक्स होता. पाइपवर कोण कोण वाट पाहतंय याची यादी दोन टास्कनी एकाच वेळी बदलून बिघडवू नये म्हणून ठेवलेलं हे कुलूप. यादीला हात लावण्याआधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. जेपीएलच्या अभियंत्यांनी ते स्वतः लिहिलेलं नव्हतं. आपल्या कोडमध्ये त्यांना दिसत होता फक्त एक फंक्शन कॉल.

आता एक फेरी डोळ्यांपुढे आणू. पुढचे आकडे मी केवळ समजावण्यासाठी धरले आहेत, यानाच्या नोंदीतले नाहीत. फेरी सुरू झाल्यापासून ३८ व्या मिलिसेकंदाला हवामान टास्क सिलेक्ट करतो आणि कुलूप घेतो. त्याला ते क्षणभरच हवं आहे. पण ३९ व्या मिलिसेकंदाला मधल्या प्राधान्याचा एखादा टास्क जागा होतो आणि नियमानुसार हवामान टास्कला बाजूला सारून चालू लागतो. कुलूप हवामान टास्कच्या हातात तसंच राहतं. ४० व्या मिलिसेकंदाला बसवरचं दळणवळण संपतं, वाटप टास्क जागा होतो आणि मधल्याला थांबवून आपलं काम सुरू करतो. इथवर सगळं बरोबर आहे. ४२ व्या मिलिसेकंदाला तो हवामानाची ताजी माहिती पाइपमध्ये लिहायला जातो. त्यासाठी तेच कुलूप हवं, आणि ते मोकळं नाही. वाटप टास्क थांबतो.

या क्षणी शेड्यूलरला काय दिसतं? वाटप टास्क चालण्याच्या स्थितीत नाही, तो वाट पाहतोय. तयार आहेत दोघं: मधला टास्क आणि हवामान टास्क. दोघांत मधल्याचं प्राधान्य वरचं, म्हणून प्रोसेसर त्याला. तो संपेपर्यंत, आणि त्याच्यासारखे आणखी कोणी आले तर तेही संपेपर्यंत, हवामान टास्कला संधी नाही. त्याला संधी नाही म्हणून कुलूप सुटत नाही, आणि कुलूप सुटत नाही म्हणून वाटप टास्क अडकलेला. फेरी संपत आली की आखणी टास्क जागा होतो, वाटप अपुरं पाहतो आणि रीसेट करतो.

कचेरीतल्या भाषेत सांगायचं तर कपाटाची किल्ली शिपायाच्या खिशात आहे, मधल्या साहेबांनी त्याला चहा आणायला धाडलंय, आणि थोरले साहेब फाइलसाठी बंद कपाटासमोर उभे आहेत. मधल्या साहेबांचा त्या कपाटाशी काहीच संबंध नाही, आणि तरीही थोरल्या साहेबांचं काम त्यांच्यामुळेच अडलंय.

याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. खालच्याने कुलूप धरलं म्हणून वरच्याला थोडं थांबावं लागणं यात गैर काही नाही, सामायिक वस्तू वापरायची तर तेवढं सोसावंच लागतं. घातक आहे तो मधल्यांचा शिरकाव. खालच्याने कुलूप किती वेळ धरलं हे कोडच्या त्या चार ओळी पाहून मोजता येतं. मधले किती येतील आणि किती वेळ चालतील, याला मात्र त्या कुलपाकडून कसलीच मर्यादा नाही.

आधी कळलं कसं नाही

दिसलं होतं. उतरण्याच्या आधी चाचण्यांमध्ये असा रीसेट झाला होता, हे रीव्ह्ज यांनी स्पष्ट लिहिलं आहे. पण शोधायला गेल्यावर तो पुन्हा घडेना. त्या काळात चमूचं सगळं लक्ष वातावरणात शिरून सुखरूप उतरण्याच्या सॉफ्टवेअरवर होतं, आणि ते तिथेच असायला हवं होतं. उतरताना चूक झाली असती तर पुढे रीसेट व्हायला यानच उरलं नसतं. हाती असलेल्या वेळात त्यांनी जे मागे ठेवलं ते विचारपूर्वक ठेवलं, असं माझं मत आहे.

दुसरं कारण जास्त बोलकं आहे. मंगळावरून माहिती अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने येऊ लागली आणि शास्त्रज्ञांनी त्या प्रमाणात जास्त प्रयोग लावले. म्हणजे मधल्या प्राधान्याची कामं वाढली, आणि हवामान टास्कच्या हातात कुलूप असतानाच मधलं कोणी जागं होण्याची शक्यताही वाढली. वाईट परिस्थितीची तयारी होती. कल्पनेपेक्षा चांगली परिस्थिती आली तर काय, याची चाचणी झालेली नव्हती.

शोध

उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घटनांची नोंद ठेवणारी एक सोय होती. व्हीएक्सवर्क्स या प्रोसेसरवर आणताना आलेला एक जुना दोष शोधण्यासाठी ती बनवली गेली होती. कोणता टास्क केव्हा चालला, पाइपमध्ये कोणी लिहिलं, सिलेक्ट कोणी केलं, इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) कधी आला, हे सगळं ती एका गोल बफरमध्ये लिहीत राहायची. जुन्या नोंदी पुसल्या जाऊन नव्या येत. त्या नोंदी इतक्या मोठ्या असत की मंगळावरून पृथ्वीवर पाठवणं शक्य नव्हतं, तरीही सोय काढून टाकलेली नव्हती. जे उडवायचं त्याचीच चाचणी करा आणि ज्याची चाचणी केली तेच उडवा, हे जेपीएलच्या चमूचं तत्त्व होतं. इतकंच काय, वाटप अपुरं दिसताच नोंदणी थांबवून ती बाहेर टाकायची, हेही आखणी टास्कमध्ये आधीच लिहिलेलं होतं.

त्यामुळे प्रयोगशाळेत यानाच्या प्रतिकृतीवर सॉफ्टवेअरची एकही ओळ न बदलता चमूने त्या दिवसाची तीच कामं पुन्हा पुन्हा चालवली. १८ तासांच्या आत रीसेट घडला. नोंद हाती आल्यावर प्रायॉरिटी इन्व्हर्जन उघड दिसत होतं.

या १८ तासांचं मोल समजून घ्यायला हवं. असे दोष कोड वाचून सहसा सापडत नाहीत, कारण प्रत्येक टास्कचा कोड आपापल्या जागी बरोबरच असतो. दोष असतो तो काळाच्या एका विशिष्ट जुळणीत. हवामान टास्कने कुलूप घेतल्यानंतर आणि सोडण्यापूर्वीच्या त्या चिमुकल्या फटीत मधलं कोणी जागं व्हायला हवं, आणि त्याच फेरीत वाटप टास्कला तेच कुलूप लागायला हवं. नोंद नसती तर चमूला फक्त रीसेट दिसला असता.

दुरुस्ती

पर्याय काय काय होते, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. हवामान टास्कचं प्राधान्यच वाढवलं तर तो बिनमहत्त्वाच्या वेळीही यानाच्या खऱ्या कामांआधी चालेल. फेरीची मुदत वाढवता येत नाही, कारण बसचा ठोका हार्डवेअरशी बांधलेला आहे. हवामानाची माहिती पाइपऐवजी दुहेरी बफरमधून द्यायची हे रचनेच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ, पण त्यासाठी कोट्यवधी किलोमीटरवरच्या यानात दोन टास्कचा कोड बदलावा लागतो.

व्हीएक्सवर्क्सच्या म्युटेक्समध्ये मात्र उपाय आधीच तयार होता. म्युटेक्स बनवताना प्रायॉरिटी इन्हेरिटन्स हवं की नको, हे सांगता येतं. हवं म्हटलं की वरचा टास्क कुलपासाठी थांबताच कुलूपधारकाला तेवढ्यापुरतं वरच्याचं प्राधान्य मिळतं. आपल्या उदाहरणात ४२ व्या मिलिसेकंदाला हवामान टास्क वाटप टास्कच्या प्राधान्याने चालू लागेल, मधला त्याला अडवू शकणार नाही, तो क्षणात यादीचं काम उरकून कुलूप सोडेल आणि आपल्या मूळ प्राधान्यावर परत जाईल. वाटप टास्क पुढे जाईल आणि फेरी वेळेत संपेल. शिपायाच्या हातात थोरल्या साहेबांची चिठ्ठी आली, आता मधले साहेब त्याला पिटाळू शकत नाहीत.

सिलेक्टच्या पोटातल्या म्युटेक्सला हा पर्याय दिलेला नव्हता. तो कसा बनवायचा हे एका ग्लोबल व्हेरिएबलवरून, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या एका किमतीवरून, ठरत होतं, त्यामुळे त्याची किंमत बदलली की काम होणार होतं. बदल दिसायला इवलासा, पण त्याचा परिणाम यानावर सिलेक्ट वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी होणार होता. वेग कमी होईल का, दुसऱ्या कुठल्या टास्कचं वागणं बदलेल का, हे तपासणं भाग होतं. तपासून झाल्यावर जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधला तेवढाच फरक यानाकडे पाठवला गेला आणि तिथे बसवला गेला. चालू यानावर कोणीतरी सहज दोन अक्षरं टंकली, असं या घटनेबद्दल कधीकधी सांगितलं जातं. रीव्ह्ज यांनी ते दुरुस्त केलं आहे: फरक पाठवण्याची आणि पडताळण्याची पद्धत चमूने आधीच तयार करून ठेवलेली होती. त्यानंतर हे रीसेट थांबले. २७ सप्टेंबर १९९७ रोजी यानाशी शेवटचा संपर्क झाला, म्हणजे ३० दिवसांसाठी नेमलेल्या लँडरने जवळपास तिप्पट काळ काम केलं.

तक्त्यात न मावणारं

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गात शेड्यूलिंग शिकवतात ते गँट चार्ट, म्हणजे कोणतं काम केव्हा चाललं याचा तक्ता, काढून. प्रोसेसची येण्याची वेळ, बर्स्ट टाइम (प्रोसेसर किती वेळ लागणार), प्राधान्य, मग सरासरी वेटिंग टाइम. काही तासिकांनंतर सेमाफोर (टास्कनी एकमेकांना द्यायचा इशारा) आणि म्युटेक्स येतात, ते वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या गुणांसाठी. परीक्षेला दोन्ही उत्तम सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन प्रकरणांचा एकमेकांशी संबंध दिसेलच असं नाही, कारण त्या तक्त्यात कुलपाचा रकानाच नसतो. प्रोसेसर कोणाला मिळणार हे प्राधान्य ठरवतं, पण कोण तयार स्थितीत राहणार हे कुलपं ठरवतात. म्हणजे शेड्यूलिंग दोन जागी होत असतं, आणि शेड्यूलरला त्यातली एकच जागा माहीत असते.

ही उणीव सिद्धान्तातही होती. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये ठरावीक कालाने येणाऱ्या टास्कसाठी जो पायाभूत निष्कर्ष मांडला, त्यात ज्याचा ठोका जलद त्याला वरचं प्राधान्य, आणि टास्क कितीही असले तरी प्रोसेसरचा भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल तर सगळ्यांच्या मुदती पाळल्या जाण्याची हमी. पण त्यात टास्क एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरलेलं आहे. सामायिक कुलूप आलं की हमी संपली. लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्ये मेसा या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या कामात कुलपं आणि प्राधान्य यांची ही गाठ नोंदवली होती. पुढे १९९० मध्ये लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोझ्की यांनी प्रायॉरिटी इन्हेरिटन्सचे नियम आणि त्यांची गणिती बाजू मांडली: कुलपापायी वरच्याला जास्तीत जास्त किती थांबावं लागेल हे मोजता येतं, आणि तो आकडा धरून हमी पुन्हा देता येते. याच निबंधात प्रायॉरिटी सीलिंग ही पद्धतही आहे. साध्या इन्हेरिटन्समध्ये वरच्या टास्कला एकामागून एक अनेक कुलपांसाठी थांबावं लागू शकतं आणि डेडलॉकही, म्हणजे दोघं एकमेकांच्या कुलपासाठी कायमचे अडकून बसणं, होऊ शकतो. सीलिंग या दोन्ही गोष्टी टाळतं. पाथफाइंडर उतरलं तेव्हा हे सगळं सात वर्षं छापून तयार होतं, आणि विकत घेतलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही होतं.

एवढं असूनही युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स या मानकाच्या थ्रेड लायब्ररीत म्युटेक्स बनवला तर आजही डीफॉल्ट असतं ते इन्हेरिटन्सशिवायचंच. लिनक्समध्ये त्याला लागणारा आधार २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत आला, पण तो मागून घ्यावा लागतो. इन्हेरिटन्सला थोडा जास्त वेळ लागतो आणि बहुतेक प्रोग्रॅमना कडक मुदती नसतात, म्हणून डीफॉल्ट तसं ठेवणं समजण्यासारखं आहे. मुदती असलेल्या सिस्टिममध्ये मात्र आपण वापरत असलेल्या प्रत्येक लायब्ररी कॉलच्या पोटात कोणतं कुलूप आहे आणि ते कसं बनवलंय, हे विचारायलाच हवं. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहायची: ते कुलूप खरोखर म्युटेक्स आहे का. फ्रीआरटीओएस या छोट्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, किंवा खुद्द व्हीएक्सवर्क्समध्येही, बायनरी सेमाफोर कुलपासारखा वापरला तर प्रोग्रॅम चालतो, चाचण्याही पार पडतात. पण सेमाफोर एकाने घ्यावा आणि दुसऱ्याने सोडावा याला मुभा असते, म्हणून त्याला मालक नसतो. मालक कोण हे माहीत नसेल तर वरच्याचं प्राधान्य द्यायचं कोणाला, हे सिस्टिमला ठरवताच येत नाही.